नवसाचा खांदा

ओरासियु तांडेल मासळीबाजारात सहसा फिरकत नसे. स्वतःची बोट असलेला माणूस, त्याला मासळी विकत घ्यायची काय गरज? म्हणून त्या मंगळवारी तो टोपी हातात धरून ग्रासिएतच्या टेबलापुढे उभा राहिला, तेव्हा बांगड्याचं पोट फाडता फाडता तिची सुरी थांबली.

"तुझ्या भावाला काय झालंय?" त्याने विचारलं.

"काय व्हायचंय? सर्दी आहे म्हणाला."

"सर्दी." तांडेलाने मान हलवली. "काल ऑक्टोपसची मडकी सोडताना दोरीत पाय अडकला त्याचा. मी बकोटीला धरला नसता तर मडक्यांबरोबर तळाला गेला असता. भर उन्हात अंगावर काटा येतो. जांभया तर किती देतो, मोजायचं सोडून दिलं मी. तशा जांभया मी पाहिल्यात ग्रासिएत. माझ्या घरात पाहिल्यात."

एवढं बोलून त्याने टोपी घातली आणि तो गेला. त्याचा एकुलता एक मुलगा देल्फिम चोविसाव्या वर्षी गर्दाने गेला होता. त्यामुळे त्याला पुढचं काही सांगावं लागलं नाही, आणि तिला विचारावं लागलं नाही.

ग्रासिएतच्या धाकट्या भावाने, अदेरितुने, गर्द सोडून अकरा वर्षं झाली होती. रिबामोर गावात लोक त्याला चमत्कार म्हणत. तो शब्द कानावर आला की ग्रासिएतच्या तळपायाची आग मस्तकात जाई. पहाटे साडेचारला उठून भावासाठी दूध-कॉफी कोण करत होतं, तर ती. डब्याला कुलूप लावून आठवड्याच्या सात बाटल्या कोण सांभाळत होतं, तर तीच. एका बाटलीत एका दिवसाचं मेथाडोन, गर्दाची ओढ थोपवणारं औषध. तो ते घ्यायचा, लोणी लावलेला पाव खायचा आणि बोटीवर जायचा. तिथे ऑक्टोपस धरायची मातीची मडकी दोरीला बांधून तळाशी सोडायची, आदल्या दिवसाची वर ओढायची, दुपारी परत. गावात त्याच्या हातात कोणी बादलीसुद्धा देत नव्हतं, तेव्हा पोटचा पोर पुरलेल्या तांडेलाने ह्या गर्दुल्ल्याला बोटीवर घेतलं. आरोग्य केंद्रातल्या नर्स नोएमियाने दोनदा बदली नाकारली. का, तर तिच्याकडे येणाऱ्या माणसांना नव्या माणसापुढे पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागू नये. आणि अदेरितु स्वतः अकरा वर्षं गर्द विकणाऱ्यांचा अड्डा असलेल्या जुन्या बर्फ कारखान्याचा रस्ता टाळून टेकडीला वळसा घालून घरी येत होता, पाऊस असो की वारा. ह्यात चमत्कार कुठे आला? हे राबणं होतं, रोजचं.

पण मंगळवारी दुपारी जेट्टीवरच्या शेडकडे जाताना ह्यातलं काहीही तिला आठवलं नाही. डोक्यात एकच होतं, की हा परत घ्यायला लागला. तीन आठवड्यांपूर्वी तो म्हणाला होता, "ताई, पहाटे पोटात मळमळतं गं, बाटली बोटीवर नेऊन घेतो." तिने नेऊ दिली होती. स्वतःच्या मूर्खपणाचा तिला इतका राग आला की शेडमध्ये पाऊल टाकताच तिने तो त्याच्यावर काढला.

"खिसे उलटे कर."

अदेरितु फुटक्या मडक्यांमधून धड असलेली निवडत बसला होता. शेजारी बोटीवरचे दोन गडी होते. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे.

"ताई, घरी बोलू."

"घरी बोलायचं ते संपलं. खिसे उलटे कर म्हटलं ना."

त्याने केले. सुतळी, चाकू, पावाचा तुकडा. "बाह्या वर," ती म्हणाली. त्याने बाह्याही वर केल्या. दोन्ही दंडांवर जुने पांढरे वण होते, नवीन एकही नव्हता. शेहेचाळीस वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा हात पुढे करून उभा होता. नाक वाहत होतं, ते पुसायचीही त्याला लाज वाटत होती. ते दोघे गडी उठून बाहेर गेले.

मग तिने त्याचे डोळे पाहिले. बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, इतक्या की डोळ्यांचा तपकिरी रंग उरलाच नव्हता. गर्द घेतलेल्या माणसाच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, हे तिला गावातल्या कुठल्याही डॉक्टराइतकं ठाऊक होतं. हा घेत नव्हता. ह्याला कमी पडत होतं.

"काय करतोयस तू?" तिने विचारलं. आवाज उतरला होता.

तो कोपऱ्यात गेला. तिथल्या एका मोठ्या मडक्यातून त्याने वाइनची बाटली बाहेर काढली. ती अर्ध्याहून जास्त भरलेली होती, पण आत वाइन नव्हती.

"आधी पाऊण घ्यायला लागलो," तो म्हणाला. "मग अर्धं. आता पाव घेतो. एकवीस दिवस झाले. उरलेलं समुद्रात ओतणार होतो, पण धीर झाला नाही."

"पण कशासाठी?"

"पालखीसाठी. यंदा मला खांदा देणार आहेत."

ग्रासिएत मडक्यांच्या ढिगावरच बसली.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मारिया माउलीची पालखी चर्चमधून निघून बंदरावर येते, बोटीवर चढते आणि सगळ्या बोटींसह समुद्रात एक फेरी मारते. पालखीला बारा खांदे लागतात, प्रत्येक मोठ्या बोटीचा एक. चौदा वर्षांपूर्वी अदेरितु मासळीच्या लिलावघरामागच्या संडासात निळा पडलेला सापडला होता. तेव्हा त्यांच्या आईने, एर्मेलिंदाने, इस्पितळाच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून नवस बोलला होता. माउली, माझ्या पोराच्या अंगातलं ते विष गेलं, अंगात काही म्हणता काही उरलं नाही, की तो तुझ्या पालखीला खांदा देईल. अदेरितु जगला, तीन वर्षांनी सुटलाही. पण नवस फिटला नाही, कारण पालखीच्या मंडळाचे अध्यक्ष सेन्योर बेलार्मिनु ह्यांच्या मते तो सुटलेलाच नव्हता. कस्टममधून निवृत्त झालेला हा गृहस्थ दर वर्षी म्हातारीला सांगे, "बाई, एक नशा गेली, दुसरी आली. तो सरकारी सरबत पितो. माउलीला काय आपण फसवायचं?" आणि म्हातारी दर वर्षी मान खाली घालून घरी येई.

"आईला डॉक्टरांनी वर्षही दिलेलं नाही," अदेरितु म्हणाला. "मला म्हणाली, नवस अंगावर घेऊन मला मरायला लावू नकोस. मी काय बोलणार? सेन्योर बेलार्मिनुही तिथेच होते. म्हणाले, सरबत सोड, तुमच्या बोटीचा खांदा तुझा."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"तू नको म्हणाली असतीस."

"अरे, नको म्हणाले असते? ती बाटली त्या बेलार्मिनुच्या टाळक्यात घातली असती."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला हाताला धरून नर्स नोएमियाकडे नेलं. नोएमियाने आधी वाइनच्या बाटलीतलं मापून कुलपात ठेवलं, मग त्याचा रक्तदाब घेतला, वजन केलं. ती चिडली नाही, ह्याची ग्रासिएतला जास्त भीती वाटली.

"झोप?"

"दोन तास. कधी तेवढीही नाही."

"डॉक्टर आजच बघतील. हळूहळू पहिल्या मापावर आणू."

"पालखीचा रविवार झाला की," अदेरितु म्हणाला. "अकरा दिवस राहिलेत फक्त. पालखी होऊ दे, मग तुम्ही म्हणाल तेवढं घेतो."

नोएमियाने पेन खाली ठेवलं. "अदेरितु, औषध कमी करायचं असेल तर आपण करू, तुला करायचं असेल तेव्हा, वर्ष दोन वर्षं लावून. कोणाच्या तरी सणाची तारीख धरून नाही. ह्या अकरा दिवसांत एकदा पाय घसरला आणि जुन्या अंदाजाने टोचून घेतलंस, तर तुझ्या शरीराला आता ते झेपणार नाही. हे तुला मी सांगायला नको."

त्याने बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "शनिवारी बर्फ कारखान्याच्या भिंतीपर्यंत जाऊन आलो."

  अकरा वर्षं टेकडीला वळसा घालणारा माणूस त्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला होता, आणि कशासाठी, तर पुण्यवान ठरण्यासाठी.

"आत गेलास?" नोएमियाने विचारलं.

"नाही. पण किती पावलं राहिली होती ते सांगू शकतो."

तरीही त्याने औषध वाढवून घेतलं नाही. आईला शब्द दिलाय, एवढंच म्हणत राहिला. ग्रासिएत त्याला वाटेभर बोलली, घरी आल्यावरही बोलली. शेवटी तिच्या लक्षात आलं, की आपण चुकीच्या माणसाला बोलतोय.

गुरुवारी संध्याकाळी मंडळाच्या घरात खांद्यांची मापं घ्यायची होती. पालखी समतोल राहायची तर खांदे जोडीजोडीने सारख्या उंचीचे लागतात. म्हणून दर वर्षी माणसं एकेक करून दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहतात आणि बेलार्मिनु खडूने खांद्याची रेघ ओढतात. ज्याची रेघ झाली त्याने टेबलावरचा बागासूचा पेला एका घोटात रिकामा करायचा, द्राक्षाच्या चोथ्याची ती दारू घशातून जाळत खाली उतरली की खांदा पक्का झाला म्हणायचं. सणाच्या दिवशी पालखी उचलण्याआधी आणखी एक पेला, आणि बंदरावर तिसरा. बायका मापाला येत नाहीत. फक्त नवस बोललेली बाई भिंतीशी खुर्चीवर बसते. यंदा त्या खुर्चीवर एर्मेलिंदा बसली होती, काळ्या शालीत, काठीवर दोन्ही हात ठेवून, आणि चौदा वर्षांत दिसली नव्हती इतकी सुखात दिसत होती.

ग्रासिएत बाजारातल्या एप्रनवरच आत शिरली. अदेरितु रांगेत सहावा होता. कपाळावरून घाम निथळत होता, आणि खोलीत तर गारवा होता.

"ग्रासिएत, बाहेर थांब," बेलार्मिनु खडू वर धरून म्हणाले. "इथं बायकांचं काम नाही."

"माझं काम आहे. मला एक विचारायचंय. माझ्या भावाच्या अंगात काही असता कामा नये, हा तुमचाच नियम ना?"

"नियम माझा नाही. तुझ्या आईचा नवस आहे."

"बरं. मग ह्या पाच जणांच्या अंगात आत्ता काय गेलं? सरबत?"

रांगेत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"ही रीत आहे," बेलार्मिनु म्हणाले. "तू थट्टा करू नकोस."

"थट्टा तुम्ही मांडलीय. तुमची रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची, सेन्योर? औषधांच्या दुकानात माझ्या पुढे तुम्हीच असता म्हणून विचारते. ती बंद करा ना सणापर्यंत. एक पालखी निघू दे तुम्ही कोरडे असताना. तो वालदेमार तिथे उभा आहे, त्याला रोज इन्सुलिन टोचावं लागतं. टोचणं म्हणजे सुईच ना? मग त्याला कसा घेतला? त्याला कोणी म्हणालं, की आधी मरायला टेक आणि मग माउलीपुढे ये?"

"तो आजार आहे."

"आणि हा?"

बेलार्मिनु उत्तर द्यायला गेले आणि त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. आपल्या बाजूचा साक्षीदार खोलीतच बसलेला आहे हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. "एर्मेलिंदाबाई," ते मऊ आवाजात म्हणाले, "नवस तुमचा आहे. शब्द काय होते ते तुम्हीच सांगा."

"अंगात काही म्हणता काही उरू देऊ नकोस," म्हातारी म्हणाली. "असंच मागितलं मी."

"ऐकलंस?"

"ऐकलं," ग्रासिएत म्हणाली, आणि आईकडे वळली. तिला आईवर ओरडायचं नव्हतं. पण आवाज तिच्या ताब्यात राहिला नाही. "आई, मेलेल्या माणसाच्या अंगातही काही उरत नाही. तू त्याला जिवंत ठेव असं मागितलंच नाहीस. मूल संडासात निळं पडलंय आणि तू त्याची सफाई मागत होतीस."

एर्मेलिंदाने काठी आपटली. "तोंड सांभाळ. तुला काय कळतंय, त्या रात्री मी काय..."

"मला कळतं," ओरासियु तांडेल म्हणाला.

तो इतका वेळ खिडकीशी उभा होता. आपल्या बोटीच्या खांद्याचं माप बघायला मालकाने यायचंच असतं. तो पुढे आला तसे रांगेतले लोक बाजूला झाले.

"बेलार्मिनु, माझ्या देल्फिमची रेघ तुम्हीच ओढली होतीत, ह्याच चौकटीवर," तो म्हणाला. "तो त्या डोंगरातल्या व्यसन सोडवणाऱ्या आश्रमातून वर्षभराने आला होता. अंगात काही नव्हतं. औषध नाही, सरबत नाही, काही नाही. तुम्ही त्याला मिठी मारलीत. पाद्रींनी त्याचं नाव घेतलं. अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या. मी पालखीमागून चालत होतो आणि मला वाटत होतं, आता मेलो तरी चालेल. नंतर तो घरी बसला. त्याला काम कोणी दिलं नाही. मीसुद्धा दिलं नाही. म्हटलं, जरा अंगात ताकद येऊ दे, घाई काय आहे. संध्याकाळी कोणी त्याच्या दाराशी गेलं नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांतलं एकही. अठराव्या दिवशी तो एकदाच गेला बर्फ कारखान्यात. एकदाच. कपडे मी घातले त्याला. अगदी स्वच्छ होता."

खडू बेलार्मिनुंच्या बोटांत तसाच होता.

"सरबत पित असता," तांडेल म्हणाला, "तर मी रोज चमच्याने भरवलं असतं. म्हातारा होईपर्यंत भरवलं असतं." मग तो अदेरितुकडे न बघता म्हणाला, "माझ्या बोटीचा खांदा यंदा नाही. अकराच न्या. दुसरा कोणी मी देणार नाही आणि ह्याला ह्या अवस्थेत देणार नाही. सोमवारी हा मला बोटीवर लागतो, धड."

बेलार्मिनु म्हणाले, असं कधी झालेलं नाही. बाराव्या खांद्याशिवाय पालखी कलते. मग म्हणाले, मंडळाच्या सभेत विषय घ्यावा लागेल. त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. सगळे म्हातारीकडे बघत होते.

एर्मेलिंदाने अदेरितुला जवळ बोलावलं. तो आला, खुर्चीपुढे उकिडवा बसला. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तो ओला झाला तसा शालीला पुसला.

"ते घेतलं नाहीस तर काय होतं रे?"

अदेरितुने वर पाहिलं. "हे तू मला कधी विचारलं नाहीस, आई."

"आता विचारतेय."

"झोप लागत नाही. हाडं दुखतात. ते सोसतं. पण डोक्यात दिवसभर एकच गोष्ट असते, आणि ती काय असते ते तुला माहीत आहे. घेतलं की ती नसते. मग मी मडकी मोजतो, वारा बघतो, ताईच्या शिव्या ऐकतो. इतर माणसांसारखा."

  म्हातारी काठीवर भार देऊन उठली.

"नवस मी बोलले होते," ती बेलार्मिनुंना म्हणाली. "चुकीचा बोलले. माउलीला काय सांगायचं ते मी समोर गेल्यावर सांगेन, आता फार दिवस नाहीत. तिनेही पोर गमावलंय. तिला नाही पटलं तर माझं आणि तिचं बघून घेऊ आम्ही. तुम्ही मधे पडू नका."

आणि ग्रासिएतला म्हणाली, "त्या नर्सबाईकडे ने ह्याला. आत्ता. केंद्र बंद झालं असलं तर तिच्या घरी ने."

बाहेर बंदराच्या रस्त्यावर कागदी फुलांच्या माळा बांधायचं काम चाललं होतं. अदेरितु मधे चालत होता, आई त्याच्या दंडाला धरून, आणि म्हातारीच्या पावलांनी चालायचं म्हणून सगळेच हळू चालत होते. ग्रासिएतला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. चौदा वर्षांत हा एक प्रश्न विचारायला आईला कोणी अडवलं होतं? गावात एवढी माणसं आहेत, पाद्री आहेत, मंडळ आहे, टाळ्या वाजवणारे आहेत, आणि एकानेही विचारला नव्हता. तिने स्वतः तरी कुठे विचारला होता? तिने कुलूप लावलं होतं, बाह्या वर करायला लावल्या होत्या.

"ताई, एवढी का धुमसतेयस?" अदेरितु म्हणाला. "झालं ना सगळं."

"काही झालेलं नाही," ग्रासिएत म्हणाली. "तू चाल."